हिवाळ्यात घर गरम ठेवण्याचा खर्च : उष्णतेचा हिशोब आणि उपाय

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना
• घर गरम ठेवण्याचा खर्च कोणत्या गोष्टींवर अवलंबून असतो ते सांगता येईल;
• एका खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा अंदाज काढता येईल;
• वीज, गॅस, रॉकेल आणि लाकूड यांच्या किमतींची एकाच मापाने तुलना करता येईल;
• कोणता उपाय आधी करावा आणि कोणता जिवावर बेतू शकतो ते ओळखता येईल.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रात किंवा दक्षिणेत वाढलेल्या विद्यार्थ्याला हिवाळ्याचा खर्च म्हणजे एखादी रजई आणि आंघोळीचे गरम पाणी एवढाच माहीत असतो. काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडच्या डोंगराळ भागात मात्र घर गरम ठेवणे ही अन्नाइतकीच मूलभूत गरज आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याच्या थंडीला ‘चिल्लई कलां’ म्हणतात. त्यानंतर वीस दिवसांची ‘चिल्लई खुर्द’ आणि दहा दिवसांची ‘चिल्लई बच्चा’ येते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह शहरात हिवाळ्यातील रात्रीचे तापमान उणे १५ अंश सेल्सिअसच्याही खाली जाते.

हा खर्च वाढण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण इंधनाचे. रेशनवरील रॉकेलचे भाव २०१६ पासून टप्प्याटप्प्याने वाढवत नेले गेले आणि त्यावरील अनुदान संपत आले. लाकूड मिळणे कठीण झाले आणि विजेवरचा भार वाढला. दुसरे कारण घरांचे आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. माती, दगड आणि लाकूड यांच्या जाड भिंतींच्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे आली. काँक्रीटमधून उष्णता लाकडाच्या तुलनेत सुमारे दहापट सहज वाहते. म्हणजे इंधन महाग होत असतानाच ते जास्त लागेल अशी घरे आपण बांधत गेलो.

या घटकातील मुख्य विधान असे : आपण पैसे देतो ते घरात राहणाऱ्या उष्णतेसाठी नव्हे, तर घरातून निसटणाऱ्या उष्णतेसाठी. घरातून उष्णता निसटलीच नसती, तर एकदा गरम केलेले घर गरमच राहिले असते. म्हणून खर्च कमी करण्याचा विचार हीटरपासून नव्हे, तर छत, भिंत, खिडकी आणि फटींपासून सुरू करावा लागतो.

२. उष्णतेचे माप

विजेचे एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. १,००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट खर्च होते. सर्व इंधनांतील उष्णता याच मापात मोजली की तुलना सोपी होते.

ओळखीचे उदाहरण घेऊ. २० लिटर पाण्याची बादली २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट लागते. याउलट २,००० वॅटचा हीटर रात्रभर म्हणजे १० तास चालला तर २० युनिटे लागतात. एका खोलीची एक रात्र आणि आंघोळीच्या तेहतीस बादल्या यांचा खर्च जवळजवळ सारखा. पाणी एकदाच तापवायचे असते. खोलीतून मात्र उष्णता सतत जात राहते, म्हणून हा फरक पडतो.

३. उष्णता कुठून जाते?

उष्णता घराबाहेर जाण्याचे दोन मोठे मार्ग आहेत : भिंत, छत आणि काच यांतून होणारे वहन, आणि फटींतून होणारी हवेची ये-जा.

वहनाचे माप ‘यू-मूल्य’ या संख्येने सांगतात. आत आणि बाहेर एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर पृष्ठभागातून दर सेकंदाला किती उष्णता जाते, म्हणजे किती वॅट, हे त्यातून कळते. यू-मूल्य जितके कमी तितके चांगले. काही ढोबळ मूल्ये अशी आहेत :

• एकपदरी काच : सुमारे ५.७
• दुपदरी काच (मध्ये हवेचा थर) : सुमारे २.८
• उष्णतारोधक थर नसलेला काँक्रीटचा स्लॅब : सुमारे ३.५
• गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत : सुमारे २.०

हवेसाठी वेगळा हिशोब करावा लागतो. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३३ वॅट-तास लागतात. खोलीतील हवा तासाला किती वेळा बदलते ते या आकड्याने आणि खोलीच्या घनफळाने गुणावे.

४. सोडवलेले उदाहरण

श्रीनगरमधील एका घराच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी खोली आहे. तिच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूला आहेत. खिडकी २ चौरस मीटरची असून काच एकपदरी आहे. वर उघडा काँक्रीटचा स्लॅब आहे. फटींमुळे खोलीतील हवा तासाला दीड वेळा बदलते. बाजूच्या आणि खालच्या खोल्या तितक्याच उबदार आहेत असे मानू. बाहेर ० अंश तापमान आहे आणि आत १८ अंश हवे आहे.

एका अंशाच्या फरकाला होणारी हानी :

• भिंती : १९ × २.० = ३८ वॅट
• खिडकी : २ × ५.७ = ११.४ वॅट
• छत : १२ × ३.५ = ४२ वॅट
• हवा : १.५ × ३६ × ०.३३ = १७.८ वॅट
• एकूण : सुमारे १०९ वॅट

फरक १८ अंशांचा असल्याने १०९ × १८ = सुमारे १,९६० वॅट. म्हणजे जवळजवळ दोन किलोवॅटचा हीटर सतत चालू ठेवावा लागेल. दिवसाला १० तास धरले तर साधारण २० युनिटे होतात. हिशोबापुरता विजेचा दर युनिटला ५ रुपये मानला, तर रोजचे सुमारे १०० आणि महिन्याचे ३,००० रुपये झाले. हा खर्च फक्त एका खोलीचा आहे.

आता त्याच खोलीत तीन बदल करू.

(अ) दार-खिडक्यांच्या फटी रबरी किंवा फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या. हवा तासाला पाऊण वेळाच बदलू लागली. हवेमार्गे होणारी हानी १७.८ वरून ८.९ वॅट झाली.

(आ) खिडकीच्या चौकटीला आतून पारदर्शक प्लॅस्टिकचा ताणलेला पडदा लावला. मध्ये अडकलेल्या हवेमुळे ती जवळजवळ दुपदरी झाली. हानी ११.४ वरून ५.६ वॅट झाली.

(इ) छताला ५० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर दिला. छताचे यू-मूल्य ३.५ वरून सुमारे ०.६५ झाले. हानी ४२ वरून ७.८ वॅट झाली.

नवी बेरीज सुमारे ६० वॅट येते. १८ अंशांच्या फरकाला १,०८५ वॅट लागतील, म्हणजे दिवसाला ११ युनिटांच्या आत भागेल. हीटर तोच, ऊब तीच आणि खर्च सुमारे ४५ टक्क्यांनी कमी.

थंडीचे १०० दिवस धरले तर फटी बुजवल्याने सुमारे ८०० रुपये, खिडकीने सुमारे ५२० रुपये आणि छताने सुमारे ३,०८० रुपये वाचतात. पट्ट्या आणि प्लॅस्टिक यांचा खर्च बहुधा एकाच हंगामात भरून निघतो. छताचा खर्च मोठा असतो आणि तो भरून निघायला काही हिवाळे लागतात, पण सर्वांत मोठी बचत तिथेच आहे. परतफेडीचा काळ काढण्याचे सूत्र साधे आहे : उपायाचा खर्च ÷ एका हंगामातील बचत.

५. इंधनांची तुलना : उपयुक्त युनिटाचा भाव

‘गॅस स्वस्त की वीज?’ या प्रश्नाचे उत्तर नुसत्या बाजारभावावरून मिळत नाही. त्यासाठी पुढील सूत्र वापरावे :

उपयुक्त युनिटाचा भाव = इंधनाची किंमत ÷ (इंधनातील युनिटे × कार्यक्षमता)

• घरगुती गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर : सुमारे १८० युनिटे
• एक लिटर रॉकेल : सुमारे ९.७ युनिटे
• एक किलो वाळलेले लाकूड : सुमारे ४ युनिटे
• एक किलो ओले, नुकतेच तोडलेले लाकूड : सुमारे २.२ युनिटे

ओल्या लाकडाची उष्णता इतकी कमी का? त्याच्या वजनाचा निम्मा भाग पाण्याचा असतो. आपण लाकडाचे पैसे देऊन निम्मे पाणी घेतो आणि उरलेल्या लाकडाची काही उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यात, म्हणजे अप्रकट उष्म्यात घालवतो. उन्हाळ्यात लाकूड फोडून, रचून, पावसापासून वाचवून वाळवण्याची डोंगरी रीत म्हणूनच महत्त्वाची आहे.

बुखारी म्हणजे धुराडे जोडलेली पत्र्याची शेगडी. तिची कार्यक्षमता सुमारे ५० टक्के धरली तर किलोभर वाळलेल्या लाकडातून खोलीला २ युनिटे मिळतात. मग लाकूड किलोला १० रुपये, सिलिंडर ९०० रुपये आणि वीज युनिटला ५ रुपये असेल, तर तिन्हींचा कच्चा हिशोब युनिटला ५ रुपयांवरच येतो. हे भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील भाव घालून तुलना करावी. गॅस हीटर वापरताना खिडकी थोडी उघडी ठेवावीच लागते, त्यामुळे त्याचा प्रत्यक्ष भाव कच्च्या हिशोबापेक्षा थोडा जास्त पडतो.

विजेच्या हीटरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. तारेचा, पंख्याचा, हॅलोजनचा किंवा तेलाचा, कोणताही हीटर घेतला तरी एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते. महागडा हीटर अधिक सुरक्षित किंवा सोयीचा असू शकतो, पण तो जास्त उष्णता देत नाही. याला अपवाद हीट पंपाचा, म्हणजे थंड आणि गरम दोन्ही करणाऱ्या वातानुकूलन यंत्राचा. ते उष्णता निर्माण करत नाही, तर बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणते. म्हणून सौम्य थंडीत एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटे उष्णता मिळू शकते. बाहेर थंडी जितकी कडक, तितका हा फायदा कमी होत जातो.

६. खोली गरम करावी की माणूस?

काश्मीरमधील लोक फिरनच्या आत कांगडी ठेवतात. कांगडी म्हणजे वेताच्या विणीत बसवलेले, निखाऱ्यांचे मातीचे भांडे. ३६ घनमीटर हवा तापवण्याऐवजी एकच शरीर तापवायचे, हा त्यामागचा विचार आहे. आजच्या साधनांतही तो लागू पडतो. १०० वॅटचे विजेचे ब्लँकेट आठ तास चालले तर ०.८ युनिट लागते. दोन लिटर गरम पाण्याची रबरी पिशवी ०.१ युनिटापेक्षाही कमी उष्णतेत काही तास ऊब देते.

जुन्या घरांची रचनाही याच विचाराची होती. काश्मिरी घरात ‘हमाम’ नावाची एकच खोली दगडी फरशीखाली आग पेटवून गरम करत आणि घरातले सगळे तिथे बसत. लडाखमध्ये हिवाळ्यात कुटुंबाचा वावर चुलीच्या खोलीत असतो. हिमाचलातील लाकूड-दगडाच्या काठकुणी घरांत गुरे तळमजल्यावर असत आणि त्यांची ऊब वर राहणाऱ्या माणसांना मिळे. सगळे घर गरम करायचे नाही, माणसे जिथे बसतात तेवढीच जागा करायची.

काटकसरीला मात्र एक मर्यादा आहे. थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश असावे अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. वृद्ध आणि लहान मुले यांना याहून थोडी अधिक ऊब लागू शकते. आतले तापमान १८ वरून १५ केले तर आपल्या उदाहरणात १७ टक्के बचत होईल, पण तिची किंमत घरातल्या आजी-आजोबांच्या श्वासाला आणि हृदयाला मोजावी लागू शकते.

७. सूर्य : मोफत इंधन, पण सगळीकडे सारखे नाही

श्रीनगर आणि लेह दोन्ही साधारण ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त ३२ ते ३३ अंश वर असतो. जूनमध्ये तो ७९ अंशांपर्यंत चढतो. म्हणून दक्षिणेकडील खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलवर येते, तर उन्हाळ्यात छज्जा ते अडवतो.

लडाखमध्ये आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. तिथे दक्षिणेची भिंत गडद रंगवून तिच्यापुढे काच बसवण्याची पद्धत उपयोगी ठरली आहे. फ्रेंच अभियंता फेलिक्स ट्रॉम्ब यांच्या नावावरून तिला ‘ट्रॉम्ब भिंत’ म्हणतात. दिवसभर तापलेली ही जाड भिंत रात्री खोलीला ऊब देते. लेहजवळील फे गावातील सेकमोल या संस्थेच्या मातीच्या इमारती प्रामुख्याने सूर्याच्या उष्णतेवर उबदार राहतात. काश्मीर खोऱ्यात मात्र कडाक्याच्या दिवसांत ढग आणि धुके बरेच असते. तिथे सूर्यावर भिस्त ठेवण्यापेक्षा उष्णतारोधनावर भर देणे शहाणपणाचे. अक्षांश एकच असला तरी उपाय एकच असेल असे नाही.

८. बचत आणि सुरक्षितता

उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येतात. कोळसा, लाकूड, गॅस किंवा रॉकेल अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. झोपलेल्याला ती जाणवतही नाहीत.

इथे दोन उपदेश एकमेकांना छेद देतात. फटी बंद करा हे बचतीसाठी खरे, हवा खेळती ठेवा हे जिवासाठी खरे. त्यातून नियम असा निघतो : फटी बंद केलेल्या खोलीत धुराडे नसलेली आग ठेवायची नाही. बुखारीचे धुराडे हंगामाआधी साफ करावे. तिला ज्वलनासाठी हवा येण्याचा मार्गही ठेवावा. झोपण्यापूर्वी कांगडी आणि शेगडी खोलीबाहेर काढावी. विजेचा हीटर साध्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नये आणि त्यावर कपडे वाळत घालू नयेत.

९. हा प्रश्न फक्त कुटुंबाचा नाही

ब्रिटिश अभ्यासक ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये ‘इंधन-दारिद्र्य’ ही संकल्पना मांडली. घर पुरेसे गरम ठेवण्यासाठी उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणारे कुटुंब इंधन-दरिद्री, असा त्यांचा निकष होता. यात ‘करावा लागणारा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. थंडीत कुडकुडत बसून बिल कमी आणणारे कुटुंब केवळ बिलावरून सुखवस्तू ठरता कामा नये.

सरकारी मदतीचे दोन प्रकार दिसतात. ब्रिटनमध्ये १९९७ पासून वृद्धांना हिवाळी इंधनासाठी रोख रक्कम मिळू लागली. अमेरिकेत १९७६ पासून गरीब कुटुंबांची घरेच दुरुस्त करून देणारा कार्यक्रम चालतो. रोख मदत तातडीची असते, पण दर हिवाळ्यात पुन्हा द्यावी लागते. छताची दुरुस्ती एकदाच होते आणि पुढची अनेक वर्षे टिकते.

भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ नुसार थंड हवामानाच्या विभागात छताचे यू-मूल्य १.२ पेक्षा, आणि छत सोडून इतर बाह्य आवरणाचे १.८ पेक्षा जास्त नसावे. आपल्या उदाहरणातील छत ३.५ चे होते, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. पण ही संहिता नव्या बांधकामांसाठी आणि मुख्यतः ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. ज्या लहान आणि जुन्या घरांत थंडीची झळ सर्वाधिक बसते ती तिच्या कक्षेबाहेर राहतात.

भाड्याच्या घरात आणखी एक पेच असतो. बिल भाडेकरू भरतो, छत मालकाचे असते. बचत एकाची आणि खर्च दुसऱ्याचा असल्याने दुरुस्ती कुणीच करत नाही. शिक्षणासाठी डोंगराळ शहरांत खोली घेऊन राहणारे विद्यार्थी याच पेचात असतात. त्यांनी निदान सोबत नेता येतील असे उपाय करावेत : फटींच्या पट्ट्या, खिडकीचा प्लॅस्टिक पडदा, जमिनीपर्यंत लोंबणारे जाड पडदे आणि सतरंजी. खोली ठरवताना सर्वांत वरचा मजला आणि उत्तरेची बाजू टाळली तर पहिल्याच दिवसापासून बचत सुरू होते.

१०. सारांश

घर गरम ठेवण्याचा खर्च उष्णतेची हानी, तापमानातील फरक, तास आणि उपयुक्त युनिटाचा भाव या चारांच्या गुणाकारातून येतो. इंधनाचा भाव आपल्या हातात नसतो. हानी बऱ्याच अंशी असते. म्हणून उपायांचा क्रम असा ठेवावा : आधी फटी, मग खिडकी, मग छत आणि शेवटी नवा हीटर. आग पेटवायची असेल तर धुराडे आणि हवा यांची सोय त्याहीआधी.

स्वाध्याय

१. आपल्या राहत्या खोलीचे मोजमाप घेऊन एका अंशाच्या फरकाला होणारी उष्णतेची हानी काढा. सर्वांत मोठी हानी कुठून होते?
२. आपल्या गावातील वीज, गॅस आणि लाकूड यांच्या आजच्या भावावरून उपयुक्त युनिटाचा भाव काढा.
३. चौथ्या विभागातील सुधारलेल्या खोलीत तीनपट उष्णता देणारा हीट पंप बसवला तर रोज किती युनिटे लागतील?
४. ‘इंधनावर अनुदान द्यावे की घरांच्या दुरुस्तीवर?’ या प्रश्नावर दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.